चीनमधली हलाल खाणावळ आणि शुगरची गोळी

गेल्या पंधरवड्यात एका वाचकांचे पत्र आले. वय ६६, बारा वर्षांपासून मधुमेह, रोज सकाळी नाश्त्याच्या वेळी एक गोळी. लेक आणि जावई परदेशी असतात, त्यांच्याकडे तीन महिने राहायला निघाले आहेत. पुढे लिहितात, "तिकडचे बाहेरचे खाणे आम्हांला चालत नाही. कशात काय घातले असेल सांगता येत नाही. प्रवासात आणि फिरताना फळे, बिस्किटे यांवर भागवू. पण डॉक्टरसाहेब, गोळी मात्र एक दिवसही चुकवणार नाही!"

पत्र वाचून कौतुक वाटण्याऐवजी मला धडकी भरली. कारण नेमके हेच गणित करणाऱ्या माझ्या एका मित्राला मी डोळ्यांसमोर घसरताना पाहिले आहे. ती हकिकतच आज सांगतो, म्हणजे पत्राचे उत्तर त्यातच येईल.

ऑक्टोबर २०१८ मधली गोष्ट. आमच्या गावच्या हायस्कुलातून मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झालेले माझे एक स्नेही आहेत. गावात सगळे त्यांना 'सर' म्हणतात, मीही म्हणतो. मुसलमान घरातले, पण अख्खी हयात मराठी व्याकरण शिकवण्यात गेली. त्यांचा नातू चीनमध्ये शिआन या शहरात एमबीबीएस शिकत होता. त्या वर्षांत आपल्याकडची बरीच मुले तिकडे जात असत. नातवाला भेटायचे, शहर पाहायचे, आणि सोबतीला डॉक्टर असलेला बरा, म्हणून मीही गेलो.

शिआन म्हणजे जुने चांगआन, रेशीममार्गाच्या पूर्व टोकाची राजधानी. शाळेच्या पुस्तकात आपण ज्या ह्युएनत्संगाबद्दल वाचले, जो सातव्या शतकात पुलकेशीच्या काळात आपल्या महाराष्ट्रात येऊन गेला, तो परत गेला तो याच शहरी. त्याने नेलेल्या ग्रंथांसाठी इ. स. ६५२ मध्ये बांधलेला मनोरा आजही उभा आहे. त्याच रेशीममार्गाने अरब आणि इराणी व्यापारी इथे आले, राहिले, इथलेच झाले. त्यांचे वंशज म्हणजे आजचे 'हुई' मुसलमान. बोली चिनी, चेहरामोहरा चिनी. देशभरात त्यांची संख्या एक कोटीच्या वर आहे. शिआनच्या जुन्या नगारा-मनोऱ्याच्या मागे त्यांचा मोहल्ला आहे. तिथल्या मोठ्या मशिदीची स्थापना इ. स. ७४२ ची मानतात. आजच्या इमारती मुख्यतः मिंग काळातल्या आहेत. घुमट नाही, उंच मिनार नाही. उतरती कौले, लाकडी खांब आणि एकामागून एक चौक. सर बराच वेळ त्या चौकांत फिरत होते.

आता सरांच्या जेवणाचे सांगतो. दुसऱ्याच्या ताटात काय आहे हे त्यांनी कधी पाहिले नाही. स्वतःच्या ताटाबाबत मात्र काटेकोर. "डॉक्टर, शंकेचा घास घशाखाली उतरत नाही," असे ते म्हणत. आणि त्यांची शंका निराधार नव्हती. चिनी भाषेत नुसते 'मांस' म्हटले की बहुधा डुकराचेच मांस समजतात. साध्या खाणावळीत भाजी परततानाही डुकराची चरबी वापरलेली असू शकते. रश्श्यात आणि मॅरिनेशनमध्ये स्वयंपाकाची दारू घालणे तर नित्याचे. म्हणजे पाने नुसती हिरवी दिसली म्हणून ती शाकाहारी, असे नाही. आपल्या शाकाहारी मंडळींनीही हे ध्यानात ठेवावे.

पहिले दोन दिवस सरांनी उकडलेली अंडी, केळी आणि घरून आणलेला चिवडा यांवर काढले. तिसऱ्या दिवशी नातू आम्हांला मोहल्ल्यातल्या हलाल खाणावळीत नेणार होता. सकाळी सरांनी कोरा चहा घेतला, अर्धे सफरचंद खाल्ले, आणि ग्लिमेपिराईडची गोळी नेमाने घेतली. "दुपारी पोटभर जेवायचे आहे, जागा ठेवतो," असे हसत म्हणाले. मी हॉटेलचा नाश्ता रेटून खाल्ला होता. सरांनी काय खाल्ले हे मी विचारले नाही. सोबतीला डॉक्टर आणला होता तो असा!

त्यानंतर आम्ही तीन तास पायी फिरलो. मशीद, गल्ल्या, सुक्या मेव्याची दुकाने, अक्रोडाची मिठाई, शिगांवर भाजलेले मटण. दुपारी दीडला खाणावळीत शिरलो तेव्हा आत चिक्कार गर्दी होती.

दारावरच्या पाटीवर दोन चिनी अक्षरे होती. त्यांचा उच्चार 'छिंगजन', अर्थ 'शुद्ध आणि सत्य'. चीनमध्ये हलालला हाच शब्द. पाटीवर अरबी अक्षरेही होती. पण पुढे २०१९ मध्ये बीजिंगमध्ये अशा खाणावळींना पाट्यांवरची अरबी अक्षरे काढायला किंवा झाकायला लावली गेली. म्हणून कोणी जाणार असेल तर नुसती अरबी अक्षरे शोधू नयेत. ही दोन चिनी अक्षरे कागदावर लिहून घेऊन खिशात ठेवावीत. एक गंमत म्हणजे हुई लोक 'डुक्कर' हा शब्दही तोंडातून काढायचे टाळतात. त्या मांसाला ते 'मोठे मांस' म्हणतात.

नातवाने शिआनचा प्रसिद्ध पदार्थ मागवला. नाव 'यांगरौ पाओमो'. 'यांग' म्हणजे बकरा-मेंढी, 'रौ' म्हणजे मांस आणि 'मो' म्हणजे पाव. हेच 'नीऊरौ' म्हटले की गोमांस. मला ते चालत नाही, म्हणून मी नातवाला दोनदा विचारून खात्री केली. त्याने तिथल्या बाईंना विचारले आणि त्यांनी शांतपणे तव्यामागच्या दोन वेगळ्या पातेल्यांकडे बोट दाखवले. 'हलाल' या शब्दाने सरांचा प्रश्न सुटला होता, माझा सुटला नव्हता, हे सांगायचा मुद्दा.

जेवण येण्याची तऱ्हा वेगळीच. आधी प्रत्येकापुढे एक रिकामा मोठा वाडगा आणि त्यात जाड, घट्ट, जेमतेम आंबवलेल्या कणकेचे दोन गोल पाव ठेवतात. ते गिऱ्हाइकाने स्वतः हाताने कुस्करायचे, मक्याच्या दाण्याएवढे बारीक. मग तो वाडगा आपल्या क्रमांकाच्या बिल्ल्यासह आत जातो, आणि आचारी तुमचाच पाव मटणाच्या उकळत्या रश्श्यात शिजवून परत पाठवतो. सोबत मटणाचे काप, काचेसारख्या पारदर्शक शेवया, काळी अळंबी, पात, कोथिंबीर. सरांनी पाहिले आणि म्हणाले, "अहो, हे तर आपले कुस्करलेल्या भाकरीवर वाढलेले कालवण!" खरेच तसे आहे.

कुस्करायला वीस मिनिटे तरी लागतात. आजूबाजूला म्हातारी मंडळी गप्पा मारत निवांत कुस्करत होती. आम्हीही सुरुवात केली. नातू रांगेत पैसे भरायला गेला.

थोड्या वेळाने माझे लक्ष सरांच्या वाडग्याकडे गेले. सुरुवातीचे तुकडे अगदी नेटके, व्याकरणाच्या मास्तरांना शोभतील असे. नंतरचे सुपारीएवढे, आणि शेवटचे तर चक्क अर्धे अर्धे पाव. मी म्हटले, "सर, मोठे होताहेत." ते एकदम खेकसले, "मला शिकवू नका!" तीस वर्षांच्या ओळखीत हा माणूस माझ्यावर कधी चिडला नव्हता. कपाळावर घाम होता, आणि बाहेर गार वारा सुटलेला. हात हातात घेतला तर थंड, ओला आणि थरथरणारा.

वाचकहो, मधुमेही माणसाला अवेळी घाम, थरथर, छातीत धडधड, अतोनात भूक, आणि त्यातच स्वभावाला न शोभणारी चिडचिड किंवा असंबद्ध बोलणे, यांपैकी काहीही दिसले तर दुसरे काही सिद्ध होईपर्यंत रक्तातील साखर उतरली आहे असेच धरावे. माझ्या पिशवीत ग्लुकोमीटर होता. बोट टोचले. आकडा आला ५४. सत्तरच्या खाली गेला की धोक्याची घंटा समजतात.

आता काय द्यायचे? आपल्याकडे हॉटेलात शिरले की टेबलावर साखर मिळते. इथे टेबलावर तिखटाची चटणी, व्हिनेगर आणि लसणाचे लोणचे. साखरेचा कण नाही. समोर पाव होता, पण तो कोरडा, घट्ट. चावून, पचून त्याची साखर व्हायला वेळ लागतो. नशीब, त्या शहरात नारिंगी रंगाच्या गोड सोड्याची काचेची बाटली प्रत्येक खाणावळीत असते. शेजारच्या टेबलावरची न उघडलेली बाटली मी खुणेने मागितली आणि सरांना सावकाश प्यायला लावली. अशा गोड पेयात १०० मिलिलिटरला साधारण १० ग्रॅम साखर असते. आपल्याला १५ ग्रॅम हवी, म्हणजे दीडशे मिलिलिटर पुरते. घरी असाल तर तीन-चार लहान चमचे साखर पाण्यात विरघळवून द्यावी. 'डाएट' पेय उपयोगाचे नाही, त्यात साखरच नसते. चॉकलेटही पहिल्या झटक्याला नको, त्यातल्या स्निग्धांशामुळे साखर रक्तात उतरायला उशीर होतो. आणि माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालू नये. कुशीवर वळवून थेट दवाखाना गाठावा.

पंधरा मिनिटांनी पुन्हा बोट टोचले, ८१. थरथर थांबली होती. मधल्या काळात गल्ल्यावरच्या वयस्क बाई, डोक्याला पांढरा रुमाल बांधलेल्या, येऊन उभ्या राहिल्या होत्या. भाषा कळण्याचा प्रश्नच नव्हता. त्यांनी सरांच्या वाडग्यातले मोठे तुकडे पाहून जीभ चावल्यासारखे केले, खुर्ची ओढली, आणि उरलेला पाव भराभर कुस्करून वाडगा स्वतः आत नेला. पाच मिनिटांत वाफाळते जेवण सरांपुढे होते. दोन दिवसांनंतरचा त्यांचा तो पहिला निःशंक घास. पहिले तीन घास ते काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "डॉक्टर, मघाशी तुमच्यावर ओरडलो का हो मी?" त्यांना आठवत नव्हते.

इथे एक गोष्ट ठासून सांगतो. सोडा पिऊन बरे वाटले म्हणजे संपले असे नाही. ग्लिमेपिराईड, ग्लायक्लाझाईड, ग्लिबेनक्लामाईड या जातीच्या गोळ्या स्वादुपिंडाला इन्शुलिन सोडायला लावतात, पोटात अन्न असो वा नसो. त्यांचा परिणाम तासन् तास टिकतो. वय झालेल्या किंवा मूत्रपिंड अधू झालेल्या माणसात तर आणखी लांबतो. म्हणून साखर वर आली की लगेच व्यवस्थित जेवण हवे, आणि दिवसभर पहारा हवा. मी त्या दिवशी संध्याकाळी आणि झोपण्यापूर्वी सरांचे बोट टोचले. ते कुरकुरले, पण टोचले. नुसत्या मेटफॉर्मिनवर असणाऱ्यांना हा धोका सहसा नसतो. म्हणून आपली 'शुगरची गोळी' नेमकी कोणत्या जातीची आहे, हे प्रत्येकाने आपल्या डॉक्टरांना विचारून चिठ्ठीवर मराठीत लिहून ठेवावे.

आता माझ्या वाडग्याकडे वळतो, कारण मला रक्तदाब आहे. जेवण हलाल आहे याचा अर्थ ते बेताचे, कमी मिठाचे किंवा कमी तेलाचे आहे, असा नाही. पाटी एका प्रश्नाचे उत्तर देते. मीठ, चरबी आणि पावाचे प्रमाण हे प्रश्न खाणाऱ्यावरच सोडते. जागतिक आरोग्य संघटनेच्या सल्ल्याप्रमाणे दिवसाचे एकूण मीठ ५ ग्रॅमच्या आत हवे, म्हणजे जेमतेम एक लहान चमचा. नुसत्या एका मोठ्या चमचा सोया सॉसमध्येच सुमारे दोन ते अडीच ग्रॅम मीठ जाते. रस्सा, चटणी आणि लसणाचे लोणचे धरले तर दिवसाचा कोटा एका बैठकीत संपायला हरकत नाही. ते लोणचे गोड-आंबट आणि फार रुचकर असते, हेही कबूल करतो. मी दोन पाकळ्यांवर थांबलो. तिसरीकडे हात गेला होता.

पण या पदार्थात सुटकेची एक वाट आहे, आणि ती तिथल्या लोकांनीच ठेवली आहे. वाडगा आत पाठवताना रस्सा किती हवा ते सांगायचे असते. 'कोरडा' सांगितला की सगळा रस्सा पावात मुरवतात. चव सुरेख, पण मीठ आणि चरबी सगळी पावात जाते, बाजूला ठेवायला काही उरत नाही. दुसऱ्या एका तऱ्हेला 'पाण्याने वेढलेले शहर' म्हणतात. मध्ये पावाचा ढीग, भोवती रस्सा. खालचे उचलून खावे आणि रस्सा वाडग्यात सोडून द्यावा. रक्तदाब असणाऱ्यांनी हीच मागावी. आणखी एका तऱ्हेत रस्सा वेगळा, पाव वेगळा देतात. ती मधुमेह्यांच्या सोयीची, कारण पाव किती खाल्ला हे मोजता येते. तो एक पाव माझ्या अंदाजाने आपल्या तीन पोळ्यांना भारी आहे. दोन पुढे आले तरी एकच कुस्करावा. ज्यांना युरिक ॲसिडचा त्रास आहे त्यांनी हाडा-मांसाचा हा आटवलेला रस्सा बेतानेच चाखावा.

शेजारच्या गाळ्यात लानचौ शहराच्या पद्धतीच्या शेवया हाताने ओढत होते. कणकेचा गोळा दुमडत, ताणत बघता बघता सुतासारखा करतात. ती कणीक इतकी लवचीक व्हावी म्हणून त्यात खार घालतात, आपल्या पापडखाराचाच भाऊबंद. पूर्वी तो वाळवंटी झुडपे जाळून त्यांच्या राखेपासून काढत. मीठ दिसत नसले तरी सोडियम त्या खारातूनही येते. शिवाय त्यांचा रस्सा सहसा गोमांसाचा असतो, ज्यांना चालत नाही त्यांनी आधी विचारावे.

अजिनोमोटोबद्दल विचारणारे पत्र दर महिन्याला येते, म्हणून दोन ओळी. १९६८ मध्ये अमेरिकेतल्या एका वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या एका डॉक्टरच्या पत्रापासून चिनी जेवणाने डोके दुखते, मान जड होते, अशी बोलवा पसरली. पुढे काटेकोर चाचण्यांत तिला खात्रीलायक दुजोरा मिळाला नाही. नेहमीच्या प्रमाणात तो पदार्थ सुरक्षित मानला जातो. त्यात सोडियम मात्र असतेच, मिठाच्या साधारण एक तृतीयांश. तेव्हा भीती अजिनोमोटोची बाळगून सोया सॉसची बाटली उपडी करणाऱ्यांनी जरा थांबावे.

जेवणानंतर चहा आला. कोरा हिरवा चहा असेल तर खुशाल घ्यावा. पण हुई लोकांचा 'आठ रत्नांचा चहा' म्हणून एक प्रकार असतो. झाकणाच्या पेल्यात चहाबरोबर खजुरासारखी चिनी बोरे, मनुका, सुकी फळे आणि खडीसाखर असते. दिसायला औषधी वाटतो आणि पुन्हा पुन्हा गरम पाणी ओतून देतात. सरांना त्या दिवशी तो घेऊ दिला. नंतर नाही.

आता पत्रलेखक महाशय, तुमच्यासाठी. तुम्हांला जे चालत नाही ते खाऊ नका, त्याबद्दल मी एक अक्षर बोलणार नाही. पण 'जेवण अनिश्चित, गोळी निश्चित' हा नेम मोडा. जेवण समोर दिसत नसेल तर त्या वेळची ती गोळी घ्यायची की नाही, उशिरा घ्यायची की अर्धी, हे जाण्यापूर्वीच आपल्या डॉक्टरांना विचारून लिहून घ्या. इन्शुलिन घेत असाल तर ते स्वतःच्या मनाने बंद करू नका, तेही त्यांनाच विचारा. तुम्हांला चालणारी खाणावळ कुठे आहे हे लेकीला आधीच शोधून ठेवायला सांगा, आणि सकाळचे पहिले खाणे कधीही त्या खाणावळीच्या भरवशावर पुढे ढकलू नका. भाजलेले फुटाणे, शेंगदाणे, दशम्या असे पोटाला आधार देणारे पदार्थ जवळ ठेवा. नुसती फळे आणि बिस्किटे साखर झटकन वर नेतात आणि तितक्याच लवकर आधार सोडतात. खिशात ग्लुकोजची पुडी ठेवा, सामानाच्या बॅगेत नव्हे. आणि सोबत असणाऱ्याला सांगून ठेवा, मी विनाकारण चिडलो तर भांडू नका, आधी साखर द्या.

सर उरलेले चार दिवस रोज त्याच खाणावळीत जेवले. सकाळी मात्र नातवाने आदल्या रात्री आणून ठेवलेला तिथलाच एक पाव, दोन उकडलेली अंडी, आणि मगच गोळी. दुसऱ्या दिवशी आम्ही आत शिरलो तेव्हा त्या बाईंनी आमच्या टेबलावर सगळ्यांत आधी नारिंगी सोड्याची एक बाटली आणून ठेवली. सरांनी ती हात न लावता परत दिली आणि पाव कुस्करायला घेतला, अगदी मक्याच्या दाण्याएवढा.